चंद्रावरची पंखवाली माणसे

चंद्रावर पंख असलेली माणसे राहतात, असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने हेच छापले आणि अनेकांना ते खरे वाटले!

प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळ आकाशाचे निरीक्षण करीत होते. २४ फूट व्यासाच्या भिंगातून त्यांना चंद्रावर चार फूट उंचीची, वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसली, असे त्या लेखमालेत म्हटले होते. बिचाऱ्या हर्शेलना याचा पत्ताही नव्हता! सारा मजकूर 'सन'चेच रिचर्ड लॉक यांनी रचला होता. अंकाची किंमत अवघी एक सेंट. पण खप वाढला की जाहिराती वाढतात, हे चालकांना ठाऊक होते.

आता ही थाप विज्ञानाने तपासू या. प्रकाश तरंगरूप असल्याने दुर्बिणीला बारकावे दाखवण्याची मर्यादा असते. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथील सुमारे ३५ मीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके २४ फुटी निर्दोष भिंगालाही वेगळे दाखवता येणार नाहीत. मग चार फुटी माणूस कसा दिसावा?

हीच युक्ती आज इंटरनेटवर चालते. पान जितक्या वेळा उघडेल, तितके जाहिरातीचे पैसे जास्त. म्हणून मथळे भडक! असा मथळा दिसला की विचारा : हे कुणी पाहिले? कशाने पाहिले? आणि त्या साधनाने ते दिसू शकते का?