पाठ बघायचा तो मुलांकडे पाहून



मी डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवतो. या अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत किमान वीस आठवडे शाळेतील आंतरवासितेसाठी द्यावे लागतात. त्या काळात जव्हारकडच्या पाड्यांवरील शाळांत जाऊन छात्राध्यापकांचे पाठ पाहणे, अभिप्राय देणे आणि गुण देणे हे माझे काम. हे काम मी बरीच वर्षे चुकीच्या पद्धतीने केले. कसे, ते सांगतो.

एक छात्राध्यापिका दुसरीच्या वर्गावर वजाबाकी शिकवत होती. ती स्वतः वारली समाजातली. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन ती मुलांशी वारलीतच बोलत होती. मुले गठ्ठे सोडत होती, आपसांत भांडत होती, उत्तरे काढत होती. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत लिहिले, "प्रमाण भाषा वापरावी. वर्गात गोंगाट." आणि गुण कापले.

पुढच्या पाठाला ती केवळ पुस्तकी मराठी बोलली. वर्ग शांत, फळ्यावरील अक्षर सुबक, पाठ वेळेत संपला. मी गुण वाढवून दिले. निघताना सहज मुलांच्या पाट्या पाहिल्या. चोवीसपैकी सहा पाट्यांवर उत्तर बरोबर होते. बाकीच्यांनी फळ्यावरचे नुसते उतरवून घेतले होते. आधीच्या पाठात मी पाट्या पाहिल्याच नव्हत्या, पण मुले काय करत होती ते मला आठवत होते.

चूक माझी होती. मी शिकवणाऱ्या मुलीकडे पाहत होतो. शिकणाऱ्या मुलांकडे नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. ते मला ठाऊक होते, पण माझ्या तपासणीच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

तेव्हापासून मी पद्धत बदलली.

पहिली गोष्ट, पाठाआधी दहा मिनिटे बोलायचे. "आज मुलांना काय यायला हवे? मी नेमके काय पाहू?" असे विचारायचे. त्यामुळे भीती कमी होते आणि पाहण्याला दिशा मिळते.

दुसरी, पाठ चालू असताना मत लिहायचे नाही; दिसले-ऐकले तेवढेच लिहायचे. 'आत्मविश्वास कमी' हे मत झाले. 'अकरा प्रश्न विचारले, नऊंची उत्तरे स्वतःच दिली' ही नोंद झाली. मी वर्गाचा बैठक-नकाशा काढतो आणि जे मूल बोलेल त्याच्या जागी खूण करतो. पाठ संपल्यावर नकाशा समोर ठेवला की कोपऱ्यातल्या मुलींच्या जागा कोऱ्या आहेत, हे छात्राध्यापकालाच दिसते. मला सांगावे लागत नाही.

तिसरी, प्रश्नानंतरची शांतता मोजायची. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना आढळले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला तर हा वेळ लागतोच. त्याला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग उत्तर जुळवायचे असते.

चौथी, अभिप्राय देताना आधी त्यांना बोलू द्यायचे. मग एक जमलेली गोष्ट पुराव्यासह सांगायची आणि बदलायची गोष्ट एकच द्यायची. सात सूचना दिल्या की एकही अमलात येत नाही. पुढच्या पाठाला तीच एक गोष्ट पाहायची.

पाचवी, शिकण्यासाठीचे पाठ आणि गुणांचे पाठ वेगळे ठेवायचे. प्रत्येक पाठाला गुण असले की विद्यार्थी मुलांसाठी न शिकवता माझ्यासाठी शिकवतात. गुणांच्या पाठाला शक्यतो दोघांनी बसायचे आणि नोंदी ताडून मगच गुण ठरवायचे.

हे सारे नवे नाही. याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आधी मुलाकडे नीट पाहायचे, मग शिकवणे ठरवायचे, हाच तो धडा.

त्या छात्राध्यापिकेला मी बोलावून चूक कबूल केली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मग आता कुठल्या भाषेत बोलले तर मार्क जाणार नाहीत?" एका शेऱ्याने मी तिला काय शिकवले होते, ते त्या प्रश्नात होते. "मुलांना समजेल त्या भाषेत," मी म्हणालो. तिसरा पाठ तिने वारलीत सुरू केला आणि मराठी शब्द एकेक करून फळ्यावर आणले. वर्गात गोंगाट होता. या वेळी मी पाट्या पाहिल्या. उत्तर चुकलेल्या पाट्या चारच होत्या, आणि त्या चौघांजवळ ती आधीच जाऊन बसली होती.

आपल्या गावच्या शाळेत कधी गेलात, तर गुरुजी कसे बोलतात एवढेच पाहू नका. मागच्या रांगेतल्या मुलाच्या पाटीवरही एक नजर टाका.