तार आली, पुढे कोण नेणार?

गोंदिया शहर नेमके कुठे संपते आणि कुडवा कुठे सुरू होते, हे नव्याने आलेल्या माणसाला कळत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या संकुलासाठी निवडलेली जागाही कुडव्याचीच. पण कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून सरकारी हिशेबात कुडवा हे गाव. त्याच हिशेबात सालेकसा तालुक्यातली, छत्तीसगडच्या सीमेवरच्या जंगलातली ग्रामपंचायतही गावच. देशाच्या ब्रॉडबँड योजनेने या दोघींना एकाच ओळीत बसवले. योजनेच्या पुढच्या बऱ्याच अडचणी मला या एका गोष्टीत दिसतात.

25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अंदाजे खर्च 20 हजार कोटी, उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला 100 एमबीपीएस वेग आणि मुदत दोन वर्षे. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून गोळा होणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून यायचा होता. 2012 मध्ये या कामासाठी भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. दोन वर्षांची मुदत कधीच उलटली, 2015 मध्ये योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले आणि एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात हा टप्पा बीएसएनएलने केला. दुसऱ्या टप्प्यात राज्य सरकारने आपल्या महाआयटी या कंपनीमार्फत ‘महानेट’ हाती घेतले.

उशीर झाला हे खरेच, पण माझा मुख्य आक्षेप मोजणीच्या पद्धतीवर आहे. तार ग्रामपंचायतीत पोचली, जोडणीच्या यंत्राचा डबा भिंतीवर बसला, त्याचा दिवा लागला की ती ग्रामपंचायत ‘जोडली’ गेली. दुसऱ्या महिन्यात तो दिवा लागलेला आहे का, पंचायतीच्या खोलीतून तार शाळेत, आरोग्य उपकेंद्रात, रेशन दुकानात किंवा कुणाच्या घरात गेली का, हे त्या आकड्यात येत नाही.

पहिल्या टप्प्याची रचनाही नाजूक होती. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतची बीएसएनएलची आधीची फायबर वापरायची आणि तिथून पुढे पंचायतीपर्यंत नवी टाकायची, असे ठरले. नवी तार रस्त्याकडेने चर खणून पुरली. एका तारेला फाटे फोडून अनेक पंचायती जोडल्या. मार्ग एकच, त्यामुळे वाटेत कुठे रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीचा दात लागला किंवा पाण्याची पाइपलाइन टाकताना तार तुटली, तर पुढची सगळी गावे एकदम बंद. खोदण्याआधी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढले, तेही मार्च 2023 मध्ये. तोवर वर्षानुवर्षे खोदकाम चालूच होते. पंचायतीत वीज नसेल तर डबा बॅटरीवर चालायचा. बॅटरी बदलायची कुणी आणि सौर पॅनल पुसायचे कुणी, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नव्हते.

गोंदियाचा भूगोल ही अडचण अधिक स्पष्ट करतो. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हा जंगलपट्टा, तिथे वस्त्या विरळ आणि अंतरे मोठी. हावडा-मुंबई लोहमार्ग गोंदियावरून पुढे दरेकशाच्या डोंगरातून जातो. मुख्य लोहमार्गांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल या कंपनीची फायबर गेलेली आहे. पण मेल गाडी न थांबता गेली तर फलाटावरच्या माणसाला तिचा उपयोग नसतो, तसेच फायबरचे आहे. ती उतरवून घ्यायची सोय, म्हणजे यंत्र, वीज आणि माणूस, गावात नसेल तर ती नुसतीच शेजारून जाते.

कुडव्यासारख्या शहरालगतच्या गावात घरे दाटीने असतात, तिथे खासगी सेवादाराला तार ओढणे परवडते. जंगलपट्ट्यात परवडत नाही. म्हणून सरकारी पैसा आधी कुठे जायला हवा, हे उघड आहे. ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळे आखले तेव्हा 90 टक्के घरांना फायबर आणि उरलेल्यांना बिनतारी किंवा उपग्रह सेवा, अशी विभागणी कागदावर मांडली. पुढे तिथेही राजकारणाने ती आखणी बदलली. तरी कुठल्या घराला काय मिळणार हे आधी सांगायचे, हा त्यांचा शिरस्ता घेण्यासारखा आहे.

इंटरनेट आता गावाची चैन उरलेली नाही. धान आधारभूत भावाने विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी, पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर, रेशनसाठी ई-पॉस यंत्रावर अंगठा आणि 2025 पासून लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकले की मजुरी करणाऱ्या बाईची त्या दिवसाची रोजी बुडते. सरकारने सेवा ऑनलाइन करण्याचा वेग ठेवला, तार सांभाळण्याचा ठेवला नाही. याचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांचा त्या निर्णयात काहीच वाटा नव्हता.

4 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये यातल्या काही चुका मान्य केल्यासारख्या दिसतात. खर्च 1 लाख 39 हजार 579 कोटी. तालुका आणि पंचायती वर्तुळात जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. दहा वर्षांची देखभाल करारातच. दीड कोटी ग्रामीण घरांपर्यंत जोडणी न्यायची आणि ती गावातल्याच तरुणाने द्यायची. त्याला ‘भारतनेट उद्यमी’ म्हणतात, उत्पन्नातला निम्मा वाटा त्याचा. मला यातली ही शेवटची तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते. तार तुटली तर नागपूरच्या कार्यालयाची वाट न पाहता सायकलवर निघणारा माणूस गावात असेल, आणि ती जोडणे हे त्याच्या पोटापाण्याचे काम असेल. मात्र जंगलातल्या पंचायतीत वीस घरांच्या जोडण्यांवर त्याचे घर चालणार नाही. तिथे त्याला सार्वत्रिक सेवा निधीतून ठरावीक मानधन द्यायला हवे. तो निधी, ज्याचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ आहे, नेमका अशाच जागांसाठी जमवला जातो.

आपली पंचायत ‘जोडलेली’ आहे का, हे संकेतस्थळावर पाहू नका. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडा: पंचायतीतला डबा गेल्या तीन महिन्यांत किती दिवस चालू होता, तार तुटल्यावर किती दिवसांत जोडली आणि शाळा व उपकेंद्रापर्यंत जोडणी केव्हा जाणार. उत्तर लेखी मागा आणि ठरावाच्या वहीत नोंदवून घ्या.