यात्रेतली वायर किती वीज खाते?

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. अशा यात्रांत दुकानांपर्यंत लांबून वायर ओढलेली असते. तिथे शाळेतला ओहमचा नियम (१८२७) फार कामाचा!

समजा, चहावाल्याची विजेची शेगडी ४ अँपिअर करंट घेते. मीटरपाशी २३० व्होल्ट आहेत, शेगडीपाशी २१४. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, गुणलं की वॉट. म्हणजे शेगडीचा रोध ५३.५ ओहम, शक्ती ८५६ वॉट.

खरी गंमत पुढे आहे. मधले १६ व्होल्ट वायरीने खाल्ले. १६ भागिले ४, म्हणजे जाण्यायेण्याच्या वायरीचा रोध ४ ओहम. आणि १६ गुणिले ४, म्हणजे ६४ वॉटची नुसती उष्णता! करंट दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. बारीक वायरीवर दुसरी शेगडी जोडणं म्हणूनच धोक्याचं.

हा हिशोब शेगडी, गिझर, इस्त्रीला चालतो. विहिरीवरच्या मोटारीला नाही. तिथे पॉवर फॅक्टरही धरावा लागतो.

यात्रेत दुकान लावणाऱ्यांनो, वायर जाड घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडवूनच वापरा.