सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

सातबारा वाचायचा मला नाद आहे. यावल-रावेरकडे जावं, केळीच्या भावाच्या गप्पा ऐकाव्यात आणि कुणाचा तरी उतारा हातात घेऊन बसावं, हे बरीच वर्षं चाललंय. माझी नजर आधी क्षेत्रावर जात नाही. खातेदाराच्या नावाजवळ 'अ.पा.क.' ही तीन अक्षरं आहेत का, ते ती शोधते. अज्ञान पालक कर्ता. म्हणजे खातेदार अठराच्या आतला आणि त्याच्या वतीने आई नाहीतर काका. बहुधा त्या घरातला बाप अवेळी गेलेला असतो.

त्या अक्षरांचा जाच पुढे कळतो. मुलाच्या नावावर आलेली जमीन विकायची तर, घरात कितीही नड असो, आईला १९५६च्या पालकत्व कायद्यानुसार न्यायालयाची परवानगी लागते. पोरगं मोठं होतं, बोहल्यावर चढतं, बापही होतं, तरी उताऱ्यावर ते अज्ञानच! पीककर्जाच्या वेळी बँकेने बोट ठेवलं की मग धावाधाव. वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज केला की फेरफार होऊन शेरा निघतो. अठरा पूर्ण होताच हे करून टाकावं. पण करतो कोण?

त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने चालणारा सातबारा. जमीन वारसाहक्काने आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल संहिता सांगते. तरी आजोबांच्या नावावर नातू कापूस पिकवतो. अखेर सरकारलाच 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. आपल्या खानदेशाशेजारच्या बुलढाण्यात सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर गेली. मोहिमेचं नाव ज्याने सुचवलं त्याला माझा रामराम.

कायद्याची उजळणी थोडक्यात उरकतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलं, मुली आणि आई यांना सारखा वाटा. वडील पहिल्या वर्गात नाहीत. वडिलोपार्जितात मुलीला मुलाइतकाच हक्क, २००५च्या दुरुस्तीने आणि २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का झालेला.

मुलींचा विषय निघाला की मला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. लेक माहेरी येते, झोका बांधला जातो, आमरस-पुरणपोळी होते आणि कैकदा त्याच मुक्कामात हक्कसोड पत्रावर तिची सही होते. राजीखुशीने असेल तर ठीक. पण इथे हे असं व्हावं याचं नवल वाटतं. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत 'व्यवहारमयूख' लिहिला आणि बहिणीला वारसांत वरची जागा दिली. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी पुणे, नगर आणि खानदेशात हा ग्रंथ मिताक्षरेच्या तोडीचा मानला. म्हणजे आपल्या मुलखात बहिणीचा हक्क काल-परवाच्या दुरुस्तीने आलेला नाही!

कमावत्या सुनांनी मात्र एक कलम नीट वाचावं. धुळ्यात शिक्षिका असलेल्या, मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घर घेतलं आणि मृत्युपत्र न करता ती गेली, तर ते आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यानंतर. मला हे कलम अन्यायाचं वाटतं. त्यावर उपाय एकच, एक कागद: मृत्युपत्र.

"नॉमिनी लावलाय की भाऊ, मग काय!" हे उत्तर जळगावच्या सराफ बाजारापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत ऐकलंय. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून घरात सुरू झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: शेअर्सच्या नॉमिनीला केवळ नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, ती वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. चौघं लावलेत म्हणून चौघं मालक झाले, असं नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. केली तर उत्तम. सही आणि दोन साक्षीदार पुरेत. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीला नको. तिशीतल्या जोडप्याला शेतीवाडीपेक्षा मोठं कलम वेगळंच आहे: लहान मुलांचा पालक. नवरा-बायको एकाच मोटारसायकलवरून महामार्गाने भुसावळला निघतात आणि मागे राहिलेल्या पोरांना कोण सांभाळणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग दोन्हीकडचे आजोबा न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. बाप गेला तर आई पालक असतेच. प्रश्न दोघांच्या पश्चातला आहे. म्हणून दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं आणि दोन्हींत पालकाचं नाव एकच लिहावं.

यंदा भाऊबीजेला बहीण घरी येईल. पालक म्हणून तिचं नाव घालायचं असेल तर ओवाळून झाल्यावर तिला आणि मेहुण्यांना समोर बसवून विचारा. साक्षीला शेजारचे दोघे चालतील.