भुलाबाईचा फेर सगळ्या वस्त्यांत कसा फिरवावा

भाद्रपदाची पौर्णिमा आली की वऱ्हाडात भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, पुढ्यात बाळ आणि समोर गाणी म्हणणाऱ्या पोरी. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, अशी समजूत आहे. कोजागिरीला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला, तिची पाठवणी होते. काही घरी ती महिनाभर असते, काही ठिकाणी दसरा ते कोजागिरी एवढेच पाच दिवस, तर कुठे फक्त कोजागिरीची रात्र.

पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. आपल्याकडे मातीची जोडी मांडतात आणि टिपऱ्यांवर नाहीतर टाळ्यांवर गाणी म्हणतात. अकोला-अमरावतीच्या बाजूला हा खेळ पुन्हा सुरू करावा असं अनेकांना वाटतं. पण सुरू होतो तो बहुधा एकाच गल्लीत, एकाच जातीच्या घरांत. सगळ्या वस्त्यांतल्या पोरी त्यात कशा येतील, ते इथे क्रमाने पाहू.

आधी खेळाची रचना समजून घ्या. रोज संध्याकाळी पोरी एका घरी जमतात. गाणी होतात, मग त्या घरची खिरापत, म्हणजे झाकून ठेवलेला खाऊ, ओळखायचा असतो. डबा खुळखुळवून दाखवतात, पोरी विचारतात, ‘तिखट का गोड?’ ओळखता आला नाही तर हार मानायची आणि खायचा. दुसऱ्या दिवशी दुसरं घर. म्हणजे महिनाभरात प्रत्येक पोर एकदा यजमान होते आणि बाकीच्या तिच्या उंबऱ्यावर पाहुण्या होतात. जोडण्याची सगळी ताकद या घर बदलण्यात आहे. हे सोडून बाकी सगळं जपलं, तर हाती फक्त करमणुकीचा कार्यक्रम उरतो.

तयारी आषाढात सुरू करावी. पहिली बैठक बोलावताना प्रत्येक वस्तीतली किमान एक बाई हवी. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांना घरन्‌घर माहीत असतं, त्यांना आधी गाठा. नेहमीची चूक अशी की एक गल्ली सगळं ठरवते, वर्गणीचा आकडा काढते आणि मग इतरांना ‘तुम्हीही या’ म्हणून निरोप धाडते. निरोप मिळालेली माणसं पाहुणी म्हणूनच वागतात. तारखा, जागा, खर्च यांतलं काहीच ठरलेलं नसताना सगळ्यांना बोलवावं.

त्याच बैठकीत जागेचं बोलून घ्यावं. रोजचा फेर घरोघरी असला तरी माती मळायला, गाणी बसवायला एक कायमची जागा लागते. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. अमरावतीत अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली सत्याग्रहाची तयारी करावी लागली होती, आणि त्यासाठी नोव्हेंबरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आज दार उघडं असलं तरी ज्यांच्या आजीला पायरीवर थांबवलं, त्यांचे पाय तिथे सहज वळत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर चांगलं.

आता सगळ्यांत नाजूक टप्पा, पूजेचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातही गावोगावची घरं बौद्ध झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची पूजा करणार नाही, असं वचन आहे. मुसलमान घरांचाही मूर्तीपूजेबाबत स्वतःचा विचार असतो. ‘एवढी आरती करून टाका, काय बिघडतं?’ असा आग्रह इथे फार दुखावतो.

म्हणून पूजा आणि फेर वेगळे ठेवावेत. ज्या घरी भुलाबाई बसली असेल त्यांनी पूजा आपल्यापुरती, पोरी जमण्याआधी उरकावी. जमल्यावर फक्त गाणी, टिपऱ्या आणि खिरापत. ज्या घरी मूर्ती नको असेल तिथे ती नेऊ नये, फेराला मूर्ती लागत नाही. कोणाला काय चालेल हे आपणच ठरवू नये, त्या घरच्या बाईला शांतपणे विचारावं. काही जणी नाही म्हणतील. ते मान्य करून पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला जावं.

हळदीकुंकूही फेराला जोडू नका. गावात सगळ्यांत जास्त गाणी ज्यांना येतात त्या बहुतेक म्हाताऱ्या बाया, आणि त्यांतल्या अनेक विधवा. हळदीकुंकू ठेवलं की नेमक्या त्याच घरी बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता दाखवला. आपल्या बैठकीतही तसं एक वाक्य लिहून घेता येईल.

पुढचं काम गाणी गोळा करण्याचं. श्रावणात दोन-दोन पोरींनी मिळून म्हाताऱ्या बायांकडे जावं, फोनवर आवाज टिपून घ्यावा. आधी विचारावं, मगच टिपावं, आणि तो आवाज इंटरनेटवर टाकायचा असेल तर वेगळी परवानगी घ्यावी. एकाच आजीकडे एकदाच जाऊन भागत नाही. पहिल्या दिवशी ती लाजते, तिसऱ्या दिवशी स्वतः निरोप पाठवून बोलावते.

गाणी वहीत उतरवताना वऱ्हाडी बोली आहे तशीच ठेवावी. शाळेतल्या सवयीने पोरी शब्द पुस्तकी करतात, आणि मग चालीत अक्षरं बसत नाहीत. एका गाण्याचे तीन वस्त्यांत तीन पाठ, म्हणजे तीन वेगवेगळी रूपं, सापडली तर तिन्ही लिहा, खाली कोणत्या वस्तीतला तेही लिहा. खरं गाणं कोणतं, असा निवाडा करू नका. तो सुरू झाला की मोठ्या घरचं गाणं जिंकतं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेने रचलेले धवळे, म्हणजे लग्नगीतं, कुणीतरी लिहून ठेवले म्हणून आज आपल्या हाती आहेत. बायांच्या बाकी किती गाण्यांना ते भाग्य लाभलं नसेल, याचा विचार करूनच वही जपावी.

आपली गाणी फक्त भुलाबाईचीच असावीत असंही नाही. तांड्यावरच्या बंजारा पोरींना तीजेची गाणी येतात. त्या टोपलीत गहू उगवून सण करतात. मेळघाटातल्या गावी हे करत असाल तर कोरकू पोरींना त्यांच्याच भाषेत गाऊ द्या. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे, आणि गदली-सुसून हा त्यांचा स्वतःचा नाच आहे. बौद्ध वस्तीत भीमगीतं आहेत, मुसलमान घरांत लग्नातली गाणी आहेत. प्रत्येकीने आपलं एक गाणं इतरांना शिकवायचं, एवढा नियम पुरे.

काही जुन्या गाण्यांत सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे. ती वगळू नयेत, कारण बायांनी आपलं दुःख तिथेच बोलून ठेवलं आहे. गाणं झाल्यावर पोरींशी त्यावर बोलावं. मात्र एखाद्या जातीला हिणवणारी ओळ आली तर ती म्हणायची नाही, यात चर्चेला जागा नको.

मातीचं काम पोळ्याच्या सुमारास काढावं. कुंभाराकडून रंगवलेली जोडी विकत मिळते, पण पोरींनी हाताने केलेली बरी. वऱ्हाडची काळी कपाशीची माती एकटी वापरली की हमखास फसगत होते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून मूर्तीला भेगा पडतात. नदीकाठची गाळाची माती निम्म्याहून जास्त घ्यावी, चाळावी, त्यात थोडी बारीक रेती किंवा चाळलेली राख आणि पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळावेत. एक दिवस भिजवून कणकेसारखी मळावी. गावात कुंभाराचं घर असेल तर त्यांनाच शिकवायला बोलवा, आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. कारागिराकडून फुकट काम करून घेणं आपल्याकडे फार सोपं समजलं जातं.

मूर्ती वीतभर पुरे. हात-डोकं नंतर चिकटवायचं असेल तर दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावावा, नाहीतर वाळल्यावर गळून पडतं. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाकून सावलीतच ठेवा. घाईने उन्हात ठेवलेली मूर्ती बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. रंगाला गेरू, चुना, नीळ चालतात. हळद आणि चुना एकत्र केले तर पिवळा न राहता लाल होतो, हे पोरींना आधी सांगा.

मखराला ज्वारीचे धांडे लागतात. सोयाबीन वाढलं तशी ज्वारी कमी झाली, म्हणून एखाद्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवावं.

आता घरांची यादी. चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा, म्हणजे पहिलं घर नेहमी पाटलांचं आणि शेवटचं नेहमी वेशीबाहेरचं, असं होत नाही. घर लहान असेल, अंगण नसेल, तर त्या घरासमोरच्या रस्त्यावर फेर धरा, पण दार तेच राहू द्या. ‘त्यांची अडचण होईल, त्यांचा दिवस शाळेत करू,’ असं कुणी काळजीने सुचवलं तरी आधी त्या घराला विचारा.

खिरापतीपाशी खरी कसोटी लागते. काही आया पोरींना हळूच सांगतात, ‘तिथलं खाऊ नको, घरी घेऊन ये.’ मग स्वच्छतेच्या नावाखाली तोडगा निघतो की सगळ्यांनी बंद पुड्याचा खाऊच आणावा. हा तोडगा स्वीकारू नका. त्याने भांडण टळतं आणि विटाळही शाबूत राहतो. फुटाणे, मुरमुरे, गूळ-शेंगदाणे, जाम, सीताफळ, काहीही चालेल, पण ज्या घरचं त्या घरच्या हातचं हवं. खर्चाची मर्यादा मात्र बैठकीत ठरवा, नाहीतर खिरापतीवरून श्रीमंतीची चढाओढ लागते.

आयांशी आधीच, त्यांच्या घरी जाऊन बोलावं. पहिल्या काही दिवसांत मोठ्या बायांनी पोरींबरोबर बसून स्वतः खावं. ज्यांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि कीर्तन रात्री करत. कीर्तनातही ते समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. आपणही तो क्रम घ्यावा. फेराच्या दिवशी दुपारी सगळ्या पोरींनी मिळून त्या घरासमोरची गल्ली झाडावी, सडा-रांगोळी करावी. एकत्र काम झालेल्या हातांना संध्याकाळी एका ताटलीतून खाणं जड जात नाही.

फेर धरताना चांगलं गाणारीला मधे उभं करू नका. रोज वेगळी पोर पहिली ओळ उचलेल. चालता न येणारी पोर असेल तर त्या दिवशी सगळ्यांनी बसूनच टिपऱ्या वाजवाव्यात. ऐकू न येणारीला ठेका जमिनीवरच्या टिपरीतून हाताला कळतो, आणि खिरापत ती वासावरून इतरांआधी ओळखू शकते. माईक नको; माईक आला की दोघी-तिघींचाच आवाज उरतो. बक्षिसांची स्पर्धा तर मुळीच नको. परीक्षक आले की पोरी निवडल्या जातात, आणि निवड झाली की काहींना घरी बसावं लागतं.

कोजागिरीला अनेक घरी तेहतीस खिरापतींची चाल असते. त्या दिवशी सगळ्या वस्त्यांनी एका मैदानात जमावं, प्रत्येक घराने एक खिरापत आणावी, दूध एकाच कढईत आटवावं. कोजागिरीच्या दुधाची वर्गणी मागू नये. दूध, साखर, लाकूड यांतलं ज्याला जे जमेल ते त्याने आणावं. भाषणं ठेवायचीच झाली तर गाणी दिलेल्या आज्यांची ठेवा.

मूर्ती बादलीभर पाण्यात विरघळवून ती माती शाळेच्या झाडांना घालावी. गाण्यांच्या वहीच्या प्रती काढून एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एकेक गाणं दिलेल्या प्रत्येक आजीच्या घरी द्यावी. हिशेब वाचून दाखवावा. आणि पांगण्याआधी पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीचं घर ठरवून घ्यावं: या वर्षी ज्या वस्तीतून सगळ्यांत कमी पोरी आल्या, तिथलं.