घोडा ओळखला, पण भावाचे काय?

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटन आणि आयर्लंडच्या रेसच्या पानांवर ‘या हंगामात लक्ष ठेवावे असे घोडे’ अशा याद्या झळकू लागतात. टाइमफॉर्मसारखी संस्था तर अशा घोड्यांचे पुस्तकच काढते. हा उडीच्या शर्यतींचा खरा हंगाम. थंडी, पाऊस आणि चिखल यांच्यातून तो मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या चार दिवसांच्या मेळ्यापर्यंत पोचतो आणि एप्रिलमध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ग्रँड नॅशनल होते.

मुंबईची महालक्ष्मी किंवा पुण्याचे रेसकोर्स पाहून तयार झालेल्या नजरेला हा खेळ सुरुवातीला चकवतो. आपल्याकडे सपाट धाव. इंडियन डर्बी २४०० मीटरची आणि चार वर्षांच्या घोड्यांची. तिकडे सर्वांत छोटी नेहमीची शर्यतही दोन मैलांच्या, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास असते. वाटेत साडेतीन फुटांचे, धक्का लागला की झुकणारे हर्डल तरी असतात, नाहीतर किमान साडेचार फुटांच्या भक्कम फेन्स. ग्रँड नॅशनलमध्ये अशा तीस उड्या आहेत, अंतर जवळपास सात किलोमीटर आहे, आणि घोडा सात वर्षांचा झाल्याशिवाय त्याला तिथे उतरताच येत नाही. चार वर्षांच्या घोड्याची डर्बी पाहून ‘आता याचे दिवस संपत आले’ म्हणणाऱ्या माणसाला हे उलटेच वाटते. फेन्सवरचा घोडा सात ते दहा या वयात खरा रंगात येतो.

लंडनला किंवा डब्लिनला राहणारे मराठी लोक रीतसर रेसला जातात आणि तिथला परवानाधारक बुकी त्यांची पैज घेतो. मुंबईत बसून परदेशी संकेतस्थळावर पैसे लावणे मात्र कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. बाकी या याद्यांभोवती इतके गैरसमज साचलेले आहेत की पैसे न लावणाऱ्यालाही ते पाहताना मजा येईल.

गैरसमज: जो सर्वांत दिमाखात जिंकला, त्याच्यामागे लागावे

२०२२ च्या चेल्टनहॅममध्ये सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल ही शर्यत कॉन्स्टिट्यूशन हिल या घोड्याने २२ लेंग्थनी, म्हणजे बावीस घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकली. त्या दुपारी मैदानावरच्या प्रत्येकाने एकच नाव वहीत लिहिले असणार. निवड अचूकही होती, कारण पुढच्याच वर्षी त्याने चॅम्पियन हर्डल जिंकली. पण चॅम्पियन हर्डलच्या दिवशी त्याचा भाव होता ४/११. म्हणजे ११ पौंड लावा, जिंकला तर ४ पौंड नफा. शंभर लावणाऱ्याला छत्तीसच्या वर काही पेन्स मिळाले.

आता गणित करा. या भावात नुसती बरोबरी साधायची तरी घोडा शंभरपैकी सुमारे ७३ वेळा जिंकायला हवा. एक हार जवळपास तीन विजयांची कमाई गिळते. आणि उडीच्या शर्यतीत हार यायला घोडा कमी पडावाच लागतो असे नाही, एक पाऊल चुकले तरी पुरते. २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये हाच कॉन्स्टिट्यूशन हिल फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा होता, आणि पडला. मग स्टेट मॅन शेवटच्या हर्डलपर्यंत पुढे होता, तोही पडला. जिंकली २५/१ भावाची गोल्डन एस.

या सगळ्या याद्यांचे मर्म इथे आहे. चांगला घोडा ओळखणे फारसे अवघड नाही, कारण तो सगळ्यांनाच दिसतो. अवघड आहे ते त्याचा भाव अजून उतरलेला नाही अशा वेळी त्याला ओळखणे. यादी छापून आली की ते गुपित राहत नाही, आणि बुकीही तीच यादी वाचतो.

शिवाय बुकीचा हिस्सा प्रत्येक भावात आधीच घातलेला असतो. समजा आठ घोड्यांची शर्यत आहे आणि आठही तुल्यबळ आहेत. न्याय्य भाव प्रत्येकी ७/१. बुकी देतो ६/१. आठही घोड्यांवर एकेक पौंड लावला तर कुणीही जिंको, आठ पौंड जातात आणि सात परत येतात. म्हणून ‘मी फक्त चांगल्या घोड्यांवर लावतो’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटले तरी त्यातून पैशाचा हिशेब कळत नाही. ब्रिटनमध्ये फेव्हरिट साधारण तीनांत एकदा जिंकतो, आणि डोळे मिटून प्रत्येक फेव्हरिटवर लावत गेलेला माणूस तरीही शेवटी तोट्यातच राहतो.

गैरसमज: फॉर्मच्या रकान्यात ‘पडला’ किंवा ‘थांबवला’ असे दिसले की नाव खोडावे

रेसकार्डवर घोड्याच्या नावाशेजारी मागच्या शर्यतींचे आकडे असतात आणि मधे काही अक्षरे: एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, पी म्हणजे जॉकीने शर्यत अर्धवट सोडून घोडा थांबवला. नवखा माणूस ही अक्षरे पाहून पान उलटतो.

बेस्ट मेट हा घोडा तरुणपणी आयर्लंडमध्ये हौशी जॉकींच्या पॉइंट-टू-पॉइंट शर्यतीत धावला तेव्हा त्याच्या नावापुढे ‘पी’ लागला होता. ट्रेनर हेन्रिएटा नाइट यांनी निकालाऐवजी त्याची चाल आणि बांधा पाहिला. त्याने पुढे २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षे चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला. त्याच्या आधी अशी हॅटट्रिक आर्कलची, १९६४ ते १९६६. हा आर्कलसुद्धा आपल्या पहिल्या दोन शर्यती जिंकला नव्हता. त्या बंपर होत्या, म्हणजे उडीच्या होतकरू घोड्यांसाठीच्या, अडथळे नसलेल्या शर्यती.

पण इथे सावध राहायला हवे, कारण या गोष्टी सांगणारे लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक पडलेला घोडा दडलेला हिरा नसतो. २०२२ च्या चेल्टनहॅममध्ये गॅलोपाँ दे शाँ मोठी आघाडी घेऊन शेवटच्या फेन्सवर पडला. २०२३ आणि २०२४ मध्ये त्याने गोल्ड कप जिंकला, म्हणजे तो पडला म्हणून त्याचे नाव खोडणारे चुकले. मात्र ते पडणे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले होते. त्या ‘एफ’मुळे त्याचा भाव वाढून मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

माझ्या मते खरी शोधण्यासारखी शर्यत कॅमेऱ्याच्या कडेला असते. सहावा आलेला घोडा, ज्याने शेवटून तिसऱ्या फेन्सवर मोठी चूक केली, गती गमावली आणि तरी शेवटच्या फर्लांगात दोघांना मागे टाकले. किंवा दोन मैलांत कमी पडलेला, पण शेवटी दमलेला न दिसणारा घोडा, ज्याला अडीच मैल दिले तर चित्र बदलेल. निकालाच्या आकड्यात यातले काही येत नाही. त्यासाठी शर्यत पुन्हा पाहावी लागते, आणि तीही विजेत्यावरची नजर काढून.

गैरसमज: श्रेष्ठ घोडा तोच जिंकणारा घोडा

हॅंडिकॅप शर्यतीत हे साफ खोटे ठरते, आणि ग्रँड नॅशनल हॅंडिकॅपच आहे. हॅंडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो. रेटिंगचा एक अंक म्हणजे पाठीवर एक पौंड वजन. चांगल्यावर जास्त, कमकुवतावर कमी, म्हणजे कागदावर तरी सगळे एका रेषेत येतात.

१९७३ ची नॅशनल यासाठी पुन्हा पुन्हा पाहावी. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातून आलेला दांडगा घोडा १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो घेऊन धावत होता. बरीचशी शर्यत तो इतका पुढे होता की बाकीचे घोडे वेगळ्याच शर्यतीत असावेत. रेड रमच्या पाठीवर २३ पौंड कमी होते, म्हणजे दहा किलोंहून जास्त फरक. शेवटची फेन्स ओलांडल्यावर क्रिस्पचे पाय जड झाले, तो भरकटू लागला आणि रेषेच्या अगदी जवळ रेड रमने त्याला पाऊण लेंग्थने मागे टाकले. त्या दिवशी मोठा घोडा कोणता यावर आजही फारसा वाद होत नाही. पैसे मात्र रेड रमवाल्यांना मिळाले. दोघांचाही भाव ९/१ होता, हा त्यातला आणखी एक विनोद.

मग पुढच्या वर्षी हॅंडिकॅपरने रेड रमवरच १२ स्टोन लादले, आणि तो तेही घेऊन जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा आला आणि १९७७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. वजनाचे गणित घोड्याला समजत नाही, एवढाच याचा अर्थ घ्यायचा. पण रेड रम अपवाद आहे. एरवी हॅंडिकॅपमध्ये आठ लेंग्थनी जिंकलेला घोडा पुढच्या वेळी बरेच जादा वजन घेऊन येतो आणि ‘याला झाले तरी काय’ असे म्हणत लोक तिकिटे फाडतात. त्याला काही झालेले नसते. यादीतल्या घोड्यापुढे त्याचे रेटिंग लिहून ठेवले नाही तर ती यादी अर्धीच राहते.

गैरसमज: बाप पाहावा, अंगकाठी पाहावी

उडीचे बहुतेक मोठे घोडे खच्ची केलेले असतात. आर्कल, रेड रम, डेझर्ट ऑर्किड, कॉटो स्टार, सगळेच. त्यामुळे ‘अमक्या चॅम्पियनचा मुलगा’ हे सपाट शर्यतीतले वाक्य इथे अनेकदा लावताच येत नाही. रक्तावरून दमसासाचा थोडा अंदाज येतो, त्यापुढे नाही. सात किलोमीटरची नॅशनल तीनदा जिंकणाऱ्या रेड रमची पहिली शर्यत १९६७ मध्ये एन्ट्रीलाच झाली होती, सपाट आणि जेमतेम एक किलोमीटरची. अंगकाठीचे म्हणाल तर २०१८ आणि २०१९ ची नॅशनल जिंकणारा टायगर रोल लहानखुरा होता, आणि सुरुवातीच्या मालकांनी त्याला १०,००० पौंडांत विकून टाकले होते.

गैरसमज: हर्डलवर चमकला, म्हणजे फेन्सवर तर पाहायलाच नको

चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप या दोन्ही शर्यती जिंकणारा घोडा आजवर एकच झाला, आणि ती घोडी होती: डॉन रन, १९८४ आणि १९८६. उलटा प्रवासही होतो. बिग बक्स २००८ च्या हेनेसी गोल्ड कप या वेगळ्या शर्यतीत शेवटच्या फेन्सवर चुकला आणि जॉकी खाली आला. ट्रेनर पॉल निकोल्स यांनी त्याला पुन्हा हर्डलकडे वळवले. मग तो ओळीने १८ शर्यती जिंकला. म्हणून नव्याने फेन्सकडे वळणाऱ्या हर्डलच्या ताऱ्याला यादीत घालावे, पण त्याच्या पहिल्या दोन शर्यतींत पैशाऐवजी नजर लावावी. तो फेन्सच्या आधी पाऊल जुळवतो का, खाली उतरताना गती टिकवतो का, हे तिथेच कळते.

गैरसमज: मोठा ट्रेनर, मोठा जॉकी, डोळे मिटून लावा

विली मलिन्स यांनी २०२४ मध्ये चेल्टनहॅमच्या मेळ्यातला शंभरावा विजय मिळवला. एवढ्या मोठ्या तबेल्याचे एकाच शर्यतीत अनेक घोडे असतात. २०२५ च्या नॅशनलमध्ये पहिले तिन्ही घोडे त्यांचेच होते. तबेल्याचा मुख्य जॉकी पॉल टाउनेंड ज्याच्यावर बसला, तो आय अ‍ॅम मॅक्सिमस दुसरा आला. जिंकला ३३/१ भावाचा निक रॉकेट, आणि त्याच्यावर होता ट्रेनरचा हौशी जॉकी मुलगा पॅट्रिक. ट्रेनर बरोबर ओळखूनही बहुतेकांचे पैसे गेले.

गैरसमज: यादीतला घोडा उतरला की लावायचेच

चिखलात खुलणारा घोडा कडक जमिनीवर दुसराच प्राणी असतो. चेल्टनहॅमला डावीकडे वळायचे, चढ-उतार आणि शेवटी दम काढणारी चढण. केम्प्टनला उजवी वळणे आणि सपाटी. डेझर्ट ऑर्किडने केम्प्टनची किंग जॉर्ज चारदा जिंकली, कारण उजवे वळण त्याला मानवत असे. १९८९ चा गोल्ड कप त्याने डाव्या वळणाच्या चेल्टनहॅमवर, नकोशा चिखलात, निव्वळ जिद्दीने काढला, आणि लोकांना आठवतो तो नेमका हाच दिवस. वहीत मात्र त्याच्या नावापुढे ‘उजवे वळण, कोरडी जमीन’ हेच लिहिले पाहिजे. त्या जोडीला ‘या भावाच्या खाली नाही’ असाही एक आकडा हवा, आणि तो शर्यतीच्या दिवशी उत्साहात न ठरवता आधीच ठरवलेला हवा.

भाव चांगला मिळावा म्हणून काही जण नोव्हेंबरमध्येच मार्चच्या शर्यतीवर लावतात. भाव खरोखर मोठा असतो, पण घोडा उतरलाच नाही तर पैसे गेले. उडीच्या घोड्यांचे स्नायुबंध दुखावतात, छातीत संसर्ग होतो, महिनेच्या महिने वाया जातात. २०२४ च्या चॅम्पियन हर्डलला कॉन्स्टिट्यूशन हिल आजारपणामुळे धावलाच नाही आणि स्टेट मॅन जिंकला. मेळा काही आठवड्यांवर आला की बुकी ‘न धावल्यास पैसे परत’ अशी सवलत जाहीर करतात. तेव्हा नोव्हेंबरचा भाव उरलेला नसतो, आणि त्या सवलतीची किंमतही नव्या भावातून कापलेली असते.