विसरलेला दुष्काळ
लेखांक 7 : चारचौघांत वाचलेलं बायबल

उधळ्या पुत्राचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात 15व्या अध्यायात येतो. धाकटा मुलगा वाटणी मागून परदेशी जातो, पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग त्याला बापाचं घर आठवतं. मंडळीत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ही गोष्ट तोंडपाठ असते. ती खरोखर किती पाठ असते, हे मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकांनी तपासून पाहिलं. 100 अमेरिकन वाचकांना त्यांनी दाखला वाचायला दिला, मग पुस्तक मिटून तो शेजारच्याला सांगायला लावला. मुलाची उधळपट्टी सगळ्यांनी सांगितली. त्या देशात मोठा दुष्काळ पडला होता, हे मात्र फक्त 6 जणांनी.

दुष्काळ चौदाव्या वचनात स्पष्ट लिहिलेला आहे.

पुढे पॉवेल यांनी हाच प्रयोग रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये केला. तिथे 50 पैकी 42 जणांनी दुष्काळ सांगितला. हे शहर म्हणजे पूर्वीचं लेनिनग्राड. 1941 ते 1944 या काळात जर्मन सैन्याने त्याला वेढा घातला, तेव्हा लाखो माणसं अन्नावाचून मेली. ज्या घरांनी ते दिवस काढले, त्यांची नजर या वचनावरून घसरून जाईल कशी? टांझानियात मुलगा उपाशी का राहिला असं विचारल्यावर बहुतेकांनी तिसरंच कारण दिलं : त्याला कुणी काही दिलं नाही. तेही सोळाव्या वचनात आहे.

मंडळीत एकत्र बसून बायबल वाचायचं ते यासाठी. एकट्याने वाचताना आपण काय गाळलं हे आपलं आपल्याला कळत नाही. दुसऱ्याने ते वचन बोट ठेवून दाखवलं की कळतं. मात्र अमेरिकेतले ते वाचकही शंभर होते आणि त्यातल्या चौऱ्याण्णव जणांचं एकच वचन निसटलं. तेव्हा नुसती गर्दी जमवून भागत नाही. आपल्याकडे अभ्यासवर्ग बहुधा तरुण संघ, महिला मंडळ असे वेगवेगळे भरतात. त्यात मोकळेपणा असतो हे खरं, पण सारख्या आयुष्याची माणसं सारखंच विसरतात.

महाराष्ट्राला हा दुष्काळ परका नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1870च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात गेले. पुढे 1896-97 आणि 1900च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरातमधून शेकडो मुली-बायका वाचवून आणल्या. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन याच बायकांनी गजबजलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, ते खेड्यातल्या अशा बायकांना समजावं म्हणून. 1922 मध्ये त्या वारल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. उधळ्या पुत्राची भूक त्या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मत्तयच्या 20व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या मजुरांचंही असंच आहे. मालक सकाळी आलेल्यांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना सारखीच मजुरी देतो. पगारदार वाचक न्याय-अन्यायाच्या वादात शिरतो. ज्याने नाक्यावर उभं राहून रोज काढले आहेत, तो आधी सातव्या वचनावर थांबेल : शेवटी आलेले मजूर दिवसभर रिकामे उभे होते, कारण त्यांना कुणी कामावर घेतलंच नव्हतं.

पॉवेल यांची रीत कोणत्याही मंडळीला जमण्यासारखी आहे. वेगवेगळ्या वयाची आणि कामधंद्याची आठ-दहा माणसं बसवावीत, एकाने अध्याय मोठ्याने वाचावा, पुस्तकं मिटावीत आणि दोघादोघांनी एकमेकांना गोष्ट सांगावी. मग पुस्तक उघडून कुणाचं काय सुटलं ते शोधावं. ज्यांना वाचता येत नाही तेही यात बरोबरीने बसतात. पाळकांनी बोलायचं ते त्यानंतर.